फ्लॅट अकराची राज्यघटना

माझ्याकडे एक जुनी वही आहे. पहिल्या पानावर अठ्ठावीस शब्दांची यादी आणि प्रत्येक शब्दापुढे दोन अर्थ. एक पुस्तकातला, निळ्या शाईत. दुसरा मम्मीचा, पेन्सिलीत. शब्द सगळे अमेरिकेच्या राज्यघटनेतले आहेत: शासितांची संमती, मर्यादित सरकार, सत्तेची विभागणी, नकाराधिकार, घटनादुरुस्ती. वसईची एक मुलगी दोह्यातल्या एका फ्लॅटमध्ये बसून हे पाठ करत होती, यात तेव्हा आम्हाला काही वेगळं वाटत नव्हतं. मम्मी ज्या शाळेच्या दवाखान्यात नर्स होती ती अमेरिकन अभ्यासक्रमाची शाळा होती आणि तिच्या नोकरीमुळे मला आणि धाकट्या सिल्वीला तिथे प्रवेश मिळाला होता. परिणाम असा की आपल्याकडे पंतप्रधान कसा निवडतात हे मला धड सांगता येत नव्हतं, पण फिलाडेल्फियातल्या उकाड्यात खिडक्या बंद करून घटना कशी लिहिली गेली हे मी झोपेतही सांगितलं असतं. बंद खिडक्या आणि उकाडा मला लगेच समजले होते. ते दोन्ही आमच्याकडे होतं.

आमचा फ्लॅट अल मन्सूरात, दुसऱ्या मजल्यावर, क्रमांक अकरा. दोन खोल्या, हॉल, आणि हॉलमधल्या खिडकीत बसवलेला एसी, जो दर वीस मिनिटांनी खोकल्यासारखा आवाज करून बंद पडायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. खाली किराणा दुकान आणि त्याला लागून केरळी हॉटेल. सकाळी कांदा परतल्याचा वास जिन्यावरून वर यायचा आणि दुपारच्या अजानच्या वेळी भांड्यांचा आवाज थांबायचा. त्या हॉलमध्ये काका झोपायचा. काका म्हणजे पप्पांचा धाकटा भाऊ जॉनी, एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला. येताना "दोन महिने राहतो" म्हणाला होता, त्याला तीन वर्षं झाली होती. आता मी मुशैरिबच्या ऑफिसला मेट्रोने जाते आणि कधी मन्सूराच्या स्टेशनवर उतरले तर त्या गल्लीत मुद्दाम जात नाही. इमारत अजून उभी आहे एवढं मला माहीत आहे.

घरात मला नावाने कोणी हाक मारत नसे. मम्मी 'बाय' म्हणायची, वसईत आमच्याकडे मुलीला म्हणतात तसं. पप्पा 'सेक्रेटरीबाई' म्हणायचे, कारण मी तेव्हाही याद्या करत असे. पप्पा एका कंपनीच्या स्टोअरचे सुपरवायझर होते आणि सुट्टीत त्यांच्या मालाच्या याद्या घरी आल्या की मी त्यांच्याबरोबर जेवणाच्या टेबलावर बसायची. त्यांची एक पद्धत होती. माल आल्याचं कोणी सांगितलं की नावापुढे बरोबरची खूण. मग स्वतः जाऊन, हात लावून मोजला की खुणेच्या खाली एक टिंब. "टिंब नसेल तर ती नुसती ऐकीव गोष्ट," असं ते म्हणायचे. ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की बाजाराच्या यादीत कोथिंबिरीपुढेसुद्धा त्यांचं टिंब असायचं.

माझे शब्द मम्मी घ्यायची. ड्यूटीवरून आली, हात धुतले, भात टाकला की ओट्याला टेकून वही हातात धरायची. तिचं इंग्रजी दवाखान्यापुरतं होतं, पण अर्थ समजल्याशिवाय ती पुढे जाऊ द्यायची नाही. सत्तेची विभागणी मी घडाघडा म्हणून दाखवली तर म्हणाली, "हे पाठ झालं. आता सांग, कशाला वेगळी करायची?"  मग तिनेच सांगितलं, की तिच्या पहिल्या हॉस्पिटलात झोपेच्या इंजेक्शनांच्या कपाटाला दोन कुलपं होती. एक किल्ली डॉक्टरकडे, एक सिस्टरकडे. "डॉक्टर चांगला होता, मीपण चांगली होते. तरी दोन किल्ल्या." वहीत पेन्सिलीने लिहिलेलं आहे: दोन किल्ल्यांचं कपाट. घटनेला राज्यांनी मान्यता देणं, याच्यापुढे लिहिलंय: लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात तसं, कोणाची हरकत असेल तर आत्ताच बोला. तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. आज ऑफिसात कोणी अधिकारांच्या वाटपाचे तक्ते दाखवू लागलं की मला ते कपाटच दिसतं.

सरकार हा विषय शिकवणाऱ्या बाईंनी एक काम दिलं: तुम्ही ज्या कुठल्या समूहात राहता त्याची घटना लिहा. कोणी फुटबॉल टीमची लिहिली, कोणी स्कूलबसची. मी घराची लिहिली. पाच पानं, स्वच्छ अक्षरात, मराठीत एक आणि शाळेसाठी इंग्रजीत एक. सुरुवात होती, 'आम्ही, फ्लॅट क्रमांक अकराचे लोक'. मोठे निर्णय बहुमताने. लहानमोठं काही नाही, प्रत्येकाला एक मत. मतदान गुप्त, कोणी कोणाला काय मत दिलंस असं विचारायचं नाही आणि आपलं सांगायचंही नाही. निकाल सर्वांवर बंधनकारक. आणि घरचे प्रमुख म्हणून पप्पांना नकाराधिकार.

शुक्रवारी ती जेवणानंतर वाचून दाखवली. शुक्रवार सुट्टीचा, त्या दिवशी सकाळी मिस्सा, मग घरी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण, ज्याचा मसाला मम्मीचे वडील, आमचे आजोबा, वसईहून बाटलीत भरून पाठवायचे. बाटली संपत आली की मम्मी तिच्यात गरम पाणी घालून हलवायची आणि तेही कालवणात ओतायची. त्या वासात मी घटना वाचली. सगळे इतके गंभीरपणे ऐकत होते की मला घाम फुटला.

"यात हॉलमध्ये झोपणाऱ्याला काय मिळणार?" काकाने विचारलं.

"एक मत," मी म्हणाले.

"मत घेऊन काय करू? मला बाल्कनी लिहून दे. सकाळची माझी सिगारेट तिथेच, आणि मला विचारल्याशिवाय कोणी कपडे वाळत घालायचे नाहीत. मग सही."

"मग तुझे कपडे तूच धू," मम्मी म्हणाली. "लाँड्रीवाला आहेस म्हणे."

"वहिनी, दिवसभर लोकांच्या चादरी धुतो. घरी आल्यावर मी पण लोक आहे की नाही?"

सिल्वी हसता हसता खुर्चीवरून घसरली. मी काकाला सांगितलं की हक्कांची यादी आपण नंतर जोडू, आधी मान्यता होऊ दे. अमेरिकेतही तसंच झालं होतं, काही राज्यं हक्क लिहिल्याशिवाय सही करेनात, त्यांना नंतर लिहू असा शब्द दिला आणि तो पाळला. "बघ हां," काका म्हणाला आणि सही केली. पप्पांनी मात्र पेन हातात घेऊन चौथ्या पानावर बोट ठेवलं.

"सेक्रेटरीबाई, हा नकाराधिकार काढ."

"पण प्रमुखाला असतो तो."

"स्टोअरमध्ये दिवसभर मीच नाही नाही म्हणत असतो. घरी तरी नको." त्यांनी स्वतः पट्टी घेऊन ते कलम सरळ रेघेने खोडलं, बाजूला आद्याक्षरं लिहिली, खूण केली, खाली टिंब दिलं. मग पाचही सह्या झाल्या आणि कागद फ्रिजवर लागला.

पुढच्या दोनतीन आठवड्यांत आम्ही चार वेळा मतदान केलं. टीव्हीची वेळ, शुक्रवारी समुद्रकाठी कॉर्निशला फिरायला जायचं की नाही, मासे कुठले, सिल्वीचे केस कापायचे की नाही. दुधाच्या पावडरचा रिकामा डबा मतपेटी, मी निवडणूक अधिकारी. चिठ्ठ्यांवर दोन पर्याय मी आधीच लिहून ठेवायची, म्हणजे कोणाला अक्षर काढायला नको, फक्त खूण करायची. मोजणी माझी एकटीची, आणि झाली की चिठ्ठ्या पुन्हा डब्यात, डबा माझ्या कपाटात. पुढचं मतदान आलं की जुन्या चिठ्ठ्या फेकायच्या. शाळेची प्रत तपासून आली तेव्हा बाईंनी खाली लाल शाईत एक ओळ लिहिली होती: या घरात ज्याचं मत एकटं पडेल, त्याचं काय? मी माझ्या कामांच्या यादीत नोंद केली, 'हक्कांची यादी करणे'. पुढे परीक्षेनंतर असं लिहिलं. परीक्षा महत्त्वाची होती. तिच्या गुणांवर पुढच्या वर्षीचे माझे सगळे विषय ठरणार होते.

परीक्षेला नऊ दिवस होते तेव्हा मामाचा फोन आला. शनिवारची संध्याकाळ, मम्मी ओट्यापाशी, हातात माझी वही. फोन पप्पांनी घेतला आणि तिला दिला. ती फक्त "हो, हो" म्हणत होती आणि दुसऱ्या हाताने वहीचं पान घट्ट धरून होती. आजोबांनी दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. तिचं नाव घेत होते. तिची आई ती लहान असताना गेलेली. आजोबांनी केळीच्या वाडीत काम करून तिला नर्सिंगला घातलं होतं, हे आम्हाला ठाऊक होतं.

"मी जाते," ती म्हणाली. "उद्याच."

पप्पा खाली गेले. पंधरा मिनिटांनी परत आले. खालच्या दुकानाच्या फोनवरून त्यांनी ट्रॅव्हल्सवाल्याला सांगून उद्याची एक सीट धरून ठेवली होती. हे मला माहीत आहे, कारण खाली पाव आणायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. मम्मीला ते सांगायच्या आधीच हॉलमध्ये बोलणं सुरू झालं होतं.

"वहिनी, रागावू नका," काका म्हणत होता. "पण मागच्या वर्षीपण असंच झालं. तुम्ही धावत गेलात, आणि म्हातारा वाडीत पाणी सोडत उभा. आता पोरीची परीक्षा आहे. दहा दिवसांनी जा, मी स्वतः सोडायला येतो एअरपोर्टवर."

"या वेळी वेगळं आहे."

"प्रत्येक वेळी वेगळंच असतं."

सिल्वी मम्मीच्या गाऊनला धरून रडू लागली, कारण गेल्या वेळी मम्मी महिनाभर आली नव्हती. पप्पा कोणाकडेच बघत नव्हते. आवाज वाढत होता. आणि मग मी, हातात पावाची पिशवी घेऊन उभी असलेली, म्हणाले, "मतदान घेऊ या."

हे मी नीट लिहिते, कारण नंतर घरात असं सांगितलं जाऊ लागलं की मत घेण्याची कल्पना काकाची होती. माझी होती. पप्पांनी मम्मीकडे पाहिलं. तिला नाही म्हणता आलं असतं. पण ती फ्रिजवरच्या कागदाकडे बघत होती, जो ती येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवायची, आमच्या बायने लिहिलाय म्हणून. तिने मनात मोजलं असणार: एक तिचं, एक माझं, एक पप्पांचं. म्हणाली, "घ्या."

मी पाच चिठ्ठ्या केल्या. 'मम्मीने आत्ता जावे.' 'मम्मीने परीक्षेनंतर जावे.' एकेक जण आतल्या खोलीत जाऊन खूण करून आला. मी शेवटी गेले. माझ्या मनात काय होतं ते आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. अठ्ठावीस शब्द होते. अकरा अजून कच्चे होते. ते मम्मीशिवाय होणार नाहीत असं मला वाटत होतं. आजोबा मागच्या वर्षी उठले होते. एवढंच होतं. मी खालच्या ओळीवर खूण केली, सरळ, नीट, घडी घातली आणि डब्यात टाकली.

डबा उघडला. पहिली परीक्षेनंतर. दुसरी आत्ता. तिसरी परीक्षेनंतर, ती सिल्वीची, खूण ओळीभर पसरलेली. चौथी आत्ता, आणि त्या खुणेखाली टिंब. पाचवी माझी. मी बाहेर येऊन निकाल वाचला, "तीन विरुद्ध दोन. परीक्षेनंतर," आणि माझा आवाज शाळेत वाचताना असतो तसा स्पष्ट होता.

मम्मीने गॅस बारीक केला. पप्पा फोनपाशी जाऊन उभे राहिले. त्यांच्याकडे नकाराधिकार नव्हता. तो त्यांनी स्वतः पट्टीने खोडला होता आणि स्वतःच्या खुणेला ते फार मान द्यायचे. शेवटी त्यांनी फोन फिरवला. आम्ही सगळे तिथेच होतो. "हां, उद्याची ती सीट," ते म्हणाले, "खलास, सोडून द्या. नाही जायचं तिला." मम्मीला ऐकू आलं ते एवढंच.

सहाव्या दिवशी सकाळी मामाचा पुन्हा फोन आला. आजोबा गेले होते. उन्हाळा होता, दफनासाठी थांबता येण्यासारखं नव्हतं. मम्मीला दुसऱ्या दिवशीचं विमान मिळालं. ती पोचली तेव्हा मातीवरची फुलं सुकायला लागली होती, असं तिने नंतर एकदाच सांगितलं. परीक्षेच्या दिवशी ती घरात नव्हतीच. काकाने मला अंडं उकडून दिलं, पप्पांनी शाळेपर्यंत सोडलं. शेवटचा प्रश्न असा होता की बहुमताच्या सत्तेला मर्यादा कशी घातली जाते ते उदाहरणासह लिहा. मी दीड पान लिहिलं: काही गोष्टी मताला टाकायच्याच नसतात, म्हणून हक्कांची सनद. मला पैकीच्या पैकी मिळाले.

मम्मी परत आली ती नव्या बाटल्या घेऊन, मामीने भरून दिलेल्या. त्या फडताळात लावताना मी मदत करत होते. ती मागे न वळता म्हणाली, "तू तरी माझ्या बाजूने होतीस, बाय. जायची दुसरी चिठ्ठी तुझी, ते मला कळलं." दारात पप्पा उभे होते, हातात पाण्याचा ग्लास. दोन चिठ्ठ्या जाण्याच्या होत्या. एक मम्मीची, एक त्यांची. म्हणजे माझी कुठली हे या घरात त्यांना एकट्यालाच नक्की ठाऊक होतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी बाटली पुसत राहिले. ते पाणी पिऊन निघून गेले.

त्यानंतर त्या घरात मतदान झालं नाही. कागद फ्रिजवर राहिला, कडा पिवळ्या झाल्या, काका लग्न करून गेला, पण तो रद्द करायचा ठरावही कोणी मांडला नाही. मम्मी मात्र बदलली. पप्पांशी ती कामापुरतं बोलायची. भांडण नव्हतं, ती त्यांचा डबा भरायची, शर्टाची बटणं लावायची. पण वर्षातून एकदा, आजोबांच्या दिवशी, "सीट सोडून द्या म्हणाले, माझ्यासमोर," हे वाक्य यायचंच. आणि पप्पा जेवत राहायचे. गुप्त मतदानाचं कलम त्यांनी तीस वर्षं पाळलं. मीही पाळलं, असं मी स्वतःला सांगत असे. माझ्या याद्यांमध्ये 'मम्मीला सांगणे' हे किती वेळा आलं आणि पुढच्या पानावर गेलं, ते मी मोजलेलं नाही. बाकी सगळं मी मोजते.

पप्पा गेल्या वर्षी वसईत वारले. मी वेळेवर पोचले. मम्मी आता माझ्याकडे, दोह्यातल्या अल अझीझियात आहे. माझ्या मुलीला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. परवा दुपारी मम्मी टेबलावर मसूर निवडत बसली होती आणि मुलगी शेजारी गृहपाठ करत होती. मम्मीने तिला आजोबांची गोष्ट सांगितली. तुझ्या मम्मीने एकटीने माझी बाजू घेतली, ती म्हणाली. तुझ्या ग्रँडपांनी सीट सोडून दिली. मुलीने इंग्रजीत विचारलं, ग्रँडपा वाईट होते का? मम्मी म्हणाली, "वाईट नाही. पण माझे नव्हते त्या दिवशी."

मी आत गेले आणि डबा घेऊन आले. तो प्रत्येक घर बदलताना माझ्याबरोबर आला आहे. सामानाच्या यादीत त्याची नोंद 'जुने कागद' अशी असते. मुलीला खोलीत पाठवलं. पाच चिठ्ठ्या मसुराच्या ताटाशेजारी ओळीने मांडल्या. मम्मीने चष्मा लावला. टिंब दिसायला तिला वेळ लागला नाही. तिने त्याच्यावर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"हे त्यांचं."

"हो."

"मग सांगितलं का नाही त्यांनी?"

"सांगायचं नाही असं ठरलं होतं. मी लिहिलं होतं तसं."

खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.  मग इतर चार चिठ्ठ्यांवरून तिची नजर फिरली. एक तिची स्वतःची. तिने मोजलं, मी तिला मोजताना पाहिलं.

"आणि तुझी?"

मी बोट ठेवलं.

तिने पप्पांची चिठ्ठी उचलून प्रार्थनेच्या पुस्तकात घातली. स्वतःची, सिल्वीची आणि काकाची पुन्हा डब्यात टाकून झाकण लावलं. माझी टेबलावर राहिली. ती तिने दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली.

"ही तुझ्याकडे ठेव, ग्लेंडा," ती म्हणाली आणि मसूर निवडू लागली.